एडविनची दोन कार्डं

नाही, पण मी म्हणते, एकात भागलं नसतं का? चांगलं एक कार्ड होतं, त्या कॉम्प्युटरच्या काळ्या डब्यात गुमान बसलेलं, आपले पंखे फिरवत, कुणाच्या अध्यात ना मध्यात... पण नाही, दुसरं पाहिजे. बसलं दुसरं. बसलं ते बसलं, आणि आता ऐकताय ना हा आवाज? घूंऽऽऽ... लांबून पिठाची गिरणी ऐकू यावी तसा? तेच ते. दोघं मिळून करतात. सकाळपासून चालू आहे. तुम्ही बसा ना, उभ्याने काय ऐकताय, या पंख्याखाली या. ती खुर्ची नको. ती एडविनची आहे. म्हणजे बसलात तरी काही होत नाही, पण... नकोच, इकडं पलंगावर बसा, ऐसपैस.

एडविन म्हणजे माझा मुलगा. एकच. आणि गंमत बघा लोकांची. तो लहान होता तेव्हा जी बाई भेटेल ती विचारायची, "दया, एकच का गं? एकाला दुसरं नको का सोबतीला?" आता देवाने एकच दिलं तर मी काय करू, दुकानात जाऊन बदलून आणू? आणि त्याच बाया, बरं का, अगदी त्याच, हे दुसरं कार्ड आलं तेव्हा दारात उभ्या राहून, "अगंबाई, दोन? एकात भागलं नसतं का?" म्हणजे यांना जिथं दोन पाहिजेत तिथं माझं एक, आणि जिथं एक पाहिजे तिथं माझी दोन. माझं काही आयुष्यात कधी कुणाच्या हिशोबात बसलंच नाही.

आता हे ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, हे मला तरी कुठं माहीत होतं? मला वाटलं कार्ड म्हणजे चपटं काहीतरी, रेशनचं नाहीतर बँकेचं असतं तसं, खिशात मावणारं. प्रत्यक्षात बघितलं तर लाटण्याएवढं लांब आणि विटेसारखं जड, वर पंखे बसवलेले. म्हटलं, एडविन, हे करतं काय? तर म्हणाला, "मम्मी, हे चित्रं काढतं." चित्रंच काढतो तो. पुण्याच्या एका कंपनीत आहे. ज्या इमारती अजून बांधल्याच नाहीत, नुसता खड्डा खणलाय, त्यांची चित्रं. पण चित्र म्हणाल तर फोटोच. गॅलरीत कुंडी, कुंडीत फूल, सोफ्यावर उशी, आणि त्या उशीवर ऊन पडलंय, असं ऊन की वाटावं पापड घालावेत. मी सगळं बघितलं आणि म्हटलं, बाळा, यात माणसं कुठं आहेत? "माणसं नंतर येतात मम्मी, विकत घेऊन." म्हटलं, मग निदान दारात एक चप्पल तरी काढून ठेव. ठेवली हो त्याने! एका चित्रात ठेवली. कंपनीने काढायला लावली.

तर हे असलं एक चित्र काढायला त्या कार्डाला वेळ लागतो. उन्हाची प्रत्येक तिरीप कुठून आली, कशावर आपटली, कुठं गेली, हे सगळं ते मोजतं म्हणे. मी म्हटलं, एवढी चौकशी तर आमच्या गल्लीत पण होत नाही.

पुण्याला होता तोपर्यंत मी कधी त्याच्या कामात डोकं घातलं नाही. मग झाली त्याला कावीळ. मेसचं खाणं, तिघांत एक खोली, दुसरं काय होणार? आले आमचे हे त्याला घेऊन. तो मागच्या सीटवर पिवळाधमक, आणि मांडीवर हा काळा डबा, लेकरासारखा धरलेला. मी हळदीला हात लावायचा नाही, तेल नाही, मऊ भात, ताक, उसाचा रस... आणि तो उशीला टेकून इथूनच काम करायला लागला. याच खोलीत. अहो, घर कसं झालं होतं सांगू? मी स्वयंपाकघरात काही आपटलं की इकडून आवाज, "मम्मी, काय पडलं?" आता काय पडलं, झाकणी पडली. पण विचारणारं कुणीतरी होतं ना. मी नंतर नंतर मुद्दाम पाडायला लागले.

मग तो बरा झाला. आईने काय म्हणावं, पोरगा बरा झाला तर? आनंदच व्हायला पाहिजे. झालाच. पण जसजसे त्याचे डोळे पांढरे व्हायला लागले तशी मी दिवस मोजायला लागले. कारण कंपनीचा फोन. तो साहेब फोनवर असा बोलायचा, नाकातून, दमल्यासारखा, "एडविन, यू सी, घरून काम छान आहे, पण लेट होतंय रे... ऑफिसला मोठी मशीनं आहेत, तुझ्याकडं एक कार्ड आहे... एक तर स्पीड वाढव नाहीतर ये बाबा." आणि फोन ठेवून हा मला म्हणाला, सहज म्हणाला हो, भाकरी मोडता मोडता, "मम्मी, दुसरं कार्ड बसलं ना यात, तर सगळं इथूनच होईल. पुण्याला जायचं कामच नाही."

झालं. त्या क्षणापासून ते दुसरं कार्ड एडविनपेक्षा जास्त मला पाहिजे होतं.

आमचे हे, शांतवन नाव यांचं, साखर कारखान्यात बॉयलरवर होते, आता रिटायर. माणूस रिटायर झाला, बॉयलर नाही झाला. जगातल्या कुठल्याही गोष्टीचं यांच्याकडं बॉयलरमध्ये उत्तर असतं. लगेच पेपर खाली ठेवला. "दया, मी सांगतो तुला. एका लायनीवर दोन बॉयलर टाकले ना, की एक दुसऱ्याला खातो. एकात भागव म्हणावं." म्हटलं, अहो, पोरगा राहील घरी. "राहील, पण खातो." म्हटलं, खाऊ द्या काय खायचंय ते.

मी एडविनला विचारलं, अरे, पण ही दोघं काम कशी वाटून घेतात? म्हणजे एकीने थापायचं, दुसरीने भाजायचं, तसं? "नाही मम्मी. दोघी थापतात, दोघी भाजतात. फक्त तवे वेगळे. अर्ध्या भाकरी हिच्या, अर्ध्या तिच्या." आणि एकमेकींशी बोलतात? "गरजच नाही." म्हटलं, मग कळलं, दोन जावा आहेत. हसला, इतका हसला, की किती दिवसांनी तसा हसला... जाऊ दे.

कार्ड मिळालं राहुरीच्या कल्याणकडून. कल्याण एडविनचा वर्गमित्र, त्याने ते गेम खेळायला घेतलं होतं. त्याचं लग्न ठरलं आणि खेळ संपला. जर्किनमध्ये गुंडाळून मोटरसायकलवरून घेऊन आला, आणि चहा पिताना मला म्हणतो, "काकू, खरं सांगू का, खेळात दोन टाकून काही उपयोग नसतो. गेम एकालाच ओळखतो, दुसरं नुसतं बसून राहतं. पण एडविनच्या कामात दोन्ही राबतील." मी त्याला आणखी एक लाडू दिला. लग्नाला चांगली पैठणी घेऊन जायचं हे तिथंच ठरवलं.

मग त्या डब्याचं पोट उघडलं. मी बॅटरी धरून उभी. वीज पुरवणारा आतला डबा काढून दुसरा मोठा घातला, दोघांना पोसायचं म्हणजे तेवढं लागणारच. एक कार्ड वर, एक खाली, मध्ये एवढीशी जागा, माझी करंगळी जाईल इतकी. बसवलं, बटण दाबलं, आणि दोन्ही कार्डांचे पंखे फिरायला लागले... तुम्हाला सांगते, बारशाला पाळणा हलवताना झालं नव्हतं असं काहीतरी झालं मला. साहेबाने एक मोठं काम दिलं. आठवड्यात पुरं झालं तर एडविन घरी, नाही झालं तर सोमवारी पुण्याला. स्पष्ट.

आणि तिथून सुरू झाला खेळ. चालायचं, चालायचं, आणि बंद. पटकन. दिवा मालवल्यासारखा. अर्धं चित्र तिथंच. परत चालू करा, परत चालायचं, परत बंद. आणि त्यात मेख अशी, की एडविन समोर बसला की चालायचं. छान चालायचं. तो जेवायला उठला, आंघोळीला गेला, जरा आडवा झाला, की बंद. बेटा केस उपटायला आला. "मम्मी, मी बसलो की चालतं आणि उठलो की मरतं, असं कुठं असतं का?" मी म्हटलं, असतं बाबा. मला विचार. त्यालाही तू समोर लागतोस.

मग हा उठेना. जेवण ताटात तसंच. शेंगोळी केली होती, गार होऊन त्यांचे दगड झाले. हे आले, डब्याभोवती एक फेरी मारली, "मी म्हणलो होतो, खातो." लगेच एक स्टॅबिलायझर आणून ठेवला, कुणाचा काढून आणला देव जाणे. शेजारची आक्काबाई आली. आक्काबाई पुणतांब्याची, वयाने मोठी, बोलणं एकदम रोखठोक. कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "दये, एकात न्हाई भागलं व्हय गं? आगं, लई दिमाखात बसवलं, दहा जनींनी बघितलं, नजर लागली. लिंबू बांध." म्हटलं, आक्काबाई, आमच्यात तसलं करत नाहीत. "तुमच्यात न्हाई करत, पर लिंबाला कुठं ठाव हाय तुमी कोन?" आणि दुसऱ्या दिवशी झाडताना डब्याच्या मागं सुतळीला लिंबू सापडलं. मी सरबतात घातलं. वाया कशाला घालवायचं?

पण आमच्यात जे करतात ते मी केलं. घर घेतलं, गाडी घेतली, चर्चच्या पाळकसाहेबांना बोलवून प्रार्थना करतो ना आपण, मग याला का नाही? आले पाळकसाहेब. महिला मंडळाच्या चौघीजणी आल्या, त्यांच्यातली आराधना पेटी घेऊन आली. आता आमचे पाळकसाहेब म्हणजे माणूस सोन्यासारखा, पण त्यांची प्रार्थना... मी चहा ठेवते, तो उकळतो, उतू जातो, मी परत ठेवते, आणि साहेब तेव्हा कुठं आजारी लोकांच्या यादीवर आलेले असतात. एडविन आंघोळीला गेला होता. डबा चालू, चित्र निघत होतं. साहेबांनी डोळे मिटले आणि उजवा हात डब्यावर ठेवला. "हे दयाळू पित्या... या घरातलं हे जे यंत्र... आणि या यंत्रात जे दुसरं... तुझ्या या लेकराच्या हाताला..." आणि थांबले. मग भराभर, "तुझी इच्छा पूर्ण होवो आमेन." संपली! आराधनाने एक डोळा उघडून बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा साहेबांची प्रार्थना चहाच्या आधी संपली. म्हटलं, आत्मा उतरला की काय. तर साहेब हात झटकतायत, "बाई, हे भाजतंय."

तेवढ्यात एडविन आला, डोक्याला टॉवेल. आणि त्याने ते बघितलं. "मम्मी. हे वर काय आहे?"

काय असणार? रुमाल होता माझा. क्रोशाचा. मिशनच्या शाळेत शिकलेली बाई मी, आमच्या वर्गात गणित नाही आलं तरी चालायचं, क्रोशा यायला पाहिजे. माझ्या घरात टीव्हीवर रुमाल आहे, मिक्सरवर आहे, फ्रीजवर आहे, पेटीवर तर झालर आहे. आणि कारखाना चालू झाला होता ना, उसाचं गळीत सुरू झालं की ती काळी काजळी उडते, वाळत घातलेल्या चादरीवर, पिठात, नाकात, सगळीकडं. त्या यंत्रात गेली असती म्हणजे? एडविनला झाकलेलं आवडत नाही, लहानपणी डबासुद्धा झाकायचा नाही, म्हणून तो उठला की मी आपली हळूच घालायची आणि तो यायच्या आधी हळूच घडी करून ठेवायची. पांढरा, गुलाबाची नक्षी, जाड सुताचा, दुहेरी विणलेला.

त्याने तो उचलला. खाली जाळी होती. डब्याच्या डोक्यावर जाळी, गरम हवा वर जायला. दोन भट्ट्यांची हवा, आणि तिच्यावर माझे गुलाब.

"मम्मी, हे कधीपासून?" म्हटलं, गळीत सुरू झाल्यापासून. "आणि मी वायरी बदलतोय, वीज तपासतोय..." म्हटलं, अरे, पण जाळीचंच आहे की ते, वारा जातो! पाळकसाहेब म्हणाले, "बाई, वारा गेला असता तर माझा हात बघा कसा झालाय." आक्काबाई दारातून, "मी म्हनले व्हते, नजर." आणि आमचे हे, तुम्हाला काय सांगू, आयुष्यभर वाट बघितली असावी त्या माणसाने या क्षणाची, "दया, बॉयलरचं धुराडं झाकतं का कुणी?" मी सगळ्यांना चहा दिला. माझं तोंड त्या वरच्या कार्डाइतकंच तापलं होतं.

पण चाललं! रुमाल निघाला आणि चाललं. न थांबता. एडविन जेवला, झोपला, गल्लीत क्रिकेट खेळून आला, दोघी जावा आपल्या थापतायत, भाजतायत. काम शुक्रवारी गेलं. कंपनीच्या साहेबाचा फोन आला तो नाकातून नाही, पोटातून, "एडविन, वाह!"

आणि मग आली ती एक पावसाळ्यापर्यंतची... काय म्हणू, सुट्टी? माझी सुट्टी. पोरगा घरी. सकाळी मी भाकरी थापत असायची आणि तो चड्डीवर येऊन ओट्याला टेकून उभा राहायचा, पहिली भाकरी तव्यावरूनच उचलायची, भाजलं की "आऽऽ" करायचं आणि परत तेच. येसराची आमटी असली की वास घेऊन सांगायचा, "आज मीठ कमी आहे." वासावरून! यांना चाखूनही कळत नाही. रविवारी चर्चमध्ये, मंडळीत माझ्या शेजारी बसायचा, त्याचा आवाज त्याच्या बापासारखा फाटका, पण गाणं म्हणायचा. बाया विचारायच्या, "दया, तुझा एडविन इथंच का आता?" आणि मी म्हणायची, हो, इथंच. किती छोटा शब्द आहे बघा, इथंच. मला तो दिवसातून कितीदाही म्हणायला लावला असता तरी चाललं असतं.

मग कंपनीने त्याला मोठं केलं. कामच एवढं चांगलं झालं होतं! हाताखाली पोरं दिली. आणि हाताखालची पोरं असतात पुण्यात. म्हणजे त्यांच्यासमोर बसावं लागतं. त्यांनाही तो समोर लागतो, कुणालाही कुणीतरी लागतंच. बॅग भरली त्याने. मी डब्याला जुनी चादर गुंडाळायला घेतली, जाताना धक्के लागू नयेत म्हणून. तर म्हणाला, "हे नाही नेत, मम्मी."

म्हटलं, म्हणजे?

"तिथं खोलीत जागा नाही, केवढं तापतं हे, रूमवाली पोरं मारतील मला. हे इथंच राहू दे. मी पुण्यातून जोडतो ना. इंटरनेटवरून. चालेल इथं, दिसेल तिथं. उलट बरंय, इथं तू आहेस."

इथं तू आहेस. बघा. मी ज्या डब्याला पोरगा घरी राहावा म्हणून दुसरं कार्ड बसवलं, हात भाजलेल्या पाळकसाहेबांची माफी मागितली, तो डबा राहिला घरी. दोन्ही कार्डांसकट. आणि पोरगा शिवाजीनगरच्या गाडीत बसला. एकच कार्ड असतं तर निदान जोडीने तरी गेले असते दोघं, मला एकदाच काय ते रडू आलं असतं. एकात भागलं नसतं का?

आता तुम्हाला वाटेल, ही बाई रडगाणं गाते. नाही हो. सोबत आहे मला. हा आवाज आहे ना, हा म्हणजे एडविन. सकाळी घूंऽऽ सुरू झालं की समजायचं, उठला, ऑफिसला पोचला. दुपारी शांत झालं की जेवायला गेला. लवकर परत सुरू झालं की नीट जेवला नाही. एकदा संध्याकाळभर चालूच राहिलं, तर मी फोन करून सांगितलं, बस कर आता. तो म्हणे, "मम्मी, मी सिनेमाला आलोय, ते आपलं आपण चालतंय." म्हणजे मी कुणाशी बोलत होते इतका वेळ?

पडदा चालू असतो कधी कधी. त्यावर तो बाण हलतो, आपोआप. इकडून तिकडं, एक खिडकी उघडतो, सोफा सरकवतो, जरा थांबतो... विचार करतोय म्हणजे. तो थांबतो ना, तेव्हा एडविन हनुवटी खाजवतो, मला माहीत आहे. एकदा मी बोट ठेवलं त्या बाणावर. हळूच. गरम काच, बाकी काय लागणार हाताला? बाण सरकून गेला बोटाखालून. आणि मग त्याच पडद्यावर पांढरा कागद उघडला आणि अक्षरं उमटायला लागली, एक एक, "मम्मी समोर बसलीयेस का?" अहो, मी उठून उभी राहिले. पदर सारखा केला. कुठं दिसत होते त्याला! मग एका बोटाने, शोधून शोधून, मी लिहिलं, "हो." एवढं लिहिता लिहिता त्याने कागद बंद केला होता. मीटिंग होती.

फोनचं म्हणाल तर आधी यायचा. लाइट गेली की. लाइट गेली की डबा बंद, आली की कुणीतरी बटण दाबायला पाहिजे, मग फोन, "मम्मी, बटण दाब ना." मी दाबायची. पण लगेच नाही. आधी, जेवलास का, सर्दी गेली का, तो मागचा शर्ट धुतला का, मग बटण. आमचं सगळं श्रीरामपूर लाइट गेली की बोटं मोडायचं आणि मी फोनजवळ जाऊन बसायची. तर आमचे हे. या माणसाच्या मनात कधी वाईट नसतं हो, तिथंच तर सगळी पंचाईत आहे. "पोराचं काम थांबतं," म्हणून मोठा इन्व्हर्टर आणला, त्याला ही एवढाली बॅटरी. आता लाइट जाते कधी आणि येते कधी, डब्याला पत्ता नाही. मलाही नाही. आणि हे मिशीत हसत, "कसं? एकदम प्रेशर टिकून आहे." म्हटलं, हो. टिकून आहे.

नाताळाला येतो. येतो म्हणजे येतो आणि जातो. मधे मात्र एकदाच आला, आणि तेव्हा कुणी बोलवलं माहितीये? वरच्या कार्डाने. त्याचा एक पंखा अडकला, करकर करकर वाजायला लागला. मी फोन केला, फोनवरच आवाज ऐकवला. त्याचा आवाजच बदलला, "मम्मी, हात लावू नकोस, मी येतो." आणि आला हो! पहिल्या गाडीने. मी ताप आला म्हणून सांगितलं होतं त्या महिन्यात, तेव्हा "डॉक्टरकडं जा, गोळी घे" म्हणाला होता. कार्डाला ताप आला तर गाडीत बसला. मला राग नाही आला. मी शेंगोळी केली. डबा उघडून मांडी घालून बसला, हेच इथं, या फरशीवर, आत काजळी निघाली मूठभर, ती फुंकर घालून काढली, पंखा बदलला. राहिला दोन दिवस. झाकणी पाडून बघितली मी मुद्दाम. "मम्मी, काय पडलं?"

आक्काबाईने सगळं बघितलं. ती काय सोडते? तो गेल्यावर आली, डब्यासमोर उकिडवी बसली, आणि मला म्हणाली, "दये, कसली गं येडी तू. आगं, एक वायर वढ. पोरगं उंद्या दारात." मी म्हटलं, काहीतरीच काय. "काय काहीतरी? दोन हायेत ना ती? एक मरू दे. एकात भागव की." आणि उठून गेली, पण शब्द इथं ठेवून गेली ना.

खोटं कशाला सांगू, मी गेले होते. मागच्याच आठवड्यात. दुपारची वेळ, हे झोपलेले, घूंऽऽ चाललेलं. मागं हात घातला, वायर हाताला लागली पण. गरम होती. आणि पडद्यावर चित्र निघत होतं, एक स्वयंपाकघर. ओटा, खिडकी, खिडकीतून ऊन, वरून खाली एक एक तुकडा उजळत चाललेला. अर्ध्यावर आलं होतं. आता अर्ध्यावर कसं सोडायचं? म्हटलं, एवढं पुरं होऊ दे. ते पुरं झालं तर लगेच दुसरं सुरू झालं. त्याचं नाव खराब झालं असतं हो, हाताखालची पोरं काय म्हणाली असती? हात काढला. हाताला सगळी काजळी लागली होती. तेव्हा लक्षात आलं, की परत साठलीय. म्हणून यांचा नवाकोरा दाढीचा ब्रश घेतला, आणि जाळी साफ केली. तेव्हापासून रोज करते. झाडून झालं की आधी ते, मग चहा. एक कण म्हणून राहू देत नाही मी.

काल स्वतःहून फोन आला त्याचा. मला वाटलं, काय झालं? तर खुशीत होता. "मम्मी, काय जादू केलीस गं? दोन्ही कार्डं अशी थंड कधीच चालली नव्हती. आता वर्षभर तरी मला यायची गरज नाही."

मी म्हटलं, बरं झालं की रे. आणि फोन ठेवला, आणि ब्रश धुऊन उन्हात वाळत घातला. उद्या सकाळी परत लागतो.